शिकारीच्या बंदुकीची झिलई



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'शिकारीच्या बंदुकीची झिलई' असे कळवले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "विषय लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना? आपल्याकडून कामगार चळवळीवर काही ऐकायला मिळेल अशी आमची समजूत होती." आम्ही म्हटले, "विषय कामगार चळवळीचाच आहे, फक्त सुरुवात जंगलातून होईल." त्यांनी मोठ्या मनाने मान्यता दिली, म्हणून आज आपल्यापुढे उभे राहण्याचे धाडस करीत आहोत.

एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आम्ही शिकारी नाही. आम्ही बंदूक हाती घेतली ती नेम धरण्यासाठी नव्हे, तर तिची नळी कशी घासली आहे हे पाहण्यासाठी. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा षोक मोडीत काढला आणि ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. परंतु जगातील पुष्कळ देशांत शिकार आजही कायद्याच्या चौकटीत चालते, आणि तेथील शिकाऱ्यांत एक वाद वर्षानुवर्षे रंगतो. बंदुकीची झिलई कशी असावी? आरशासारखी निळसर काळी, की राखी आणि मंद, की बिनगंजाच्या पोलादाची पांढरी? आणि मुळात शिकारीत तिने काही फरक पडतो काय?

हा वाद आमच्या वाट्याला आला तो असा. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका लहानशा कारखान्यात युनियन बांधत होतो. तेथे हत्यारे, बोल्ट आणि यंत्रांचे सुटे भाग काळे करून दिले जात. अधूनमधून परवान्यावर मिळणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकाही येत. या कामाला आमचे कामगार 'ब्लॅकोडायझिंग' म्हणतात. वेतनश्रेणीची बोलणी सुरू झाली. टर्नर कुशल, फिटर कुशल, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. मात्र बफिंगवाले आणि रसायनाच्या टाकीवरचे कामगार मालकपक्षाच्या हिशेबी अकुशल होते. त्यांच्या बाजूने एक वयस्क गृहस्थ बसत. त्यांच्या घराण्यात पूर्वी शिकारीचा षोक होता. ते हसून म्हणाले, "अहो, झिलई म्हणजे नुसती शोभा. हरणाला काय कळते, बंदूक काळी की पांढरी? गोळी नळीतून सुटते, झिलईतून नव्हे. शोभेच्या कामाला कुशल माणसाचा पगार कसा द्यायचा?" सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण त्या क्षणी आम्हांला उत्तर सुचले नाही.

आमची शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून प्रश्न अडला की सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसायचे आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचे नाही, अशी खोड लागली आहे. त्या वेळीही तेच केले, आणि हा विषय पुढे सुटला नाही. त्यानंतर जे वाचले आणि कामगारांच्या तोंडून जे ऐकले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम त्या गृहस्थांना न्याय देऊ. त्यांच्या म्हणण्यात अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे बोलणाऱ्याशी भांडणे फार कठीण असते.

हरणाला रंग कसे दिसतात? माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. १९९०च्या दशकात अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर याचे प्रयोग झाले. त्यांतून निघाले की, निळ्या रंगाकडे हरणाची नजर तीक्ष्ण असते, पण तांबडा, नारिंगी आणि हिरवा यांत त्याला फारसा भेद करता येत नाही. म्हणूनच अमेरिकेत अनेक राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालण्याची सक्ती आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला तो लांबून दिसतो आणि हरणाला त्याचा रंग खुपत नाही.

याचा सर्वांत मोठा साक्षीदार आपल्याच जंगलात आहे. वाघाचा रंग पाहा. हिरव्या रानात असा केशरी प्राणी आपल्या डोळ्यात लगेच भरतो. रंगावरच शिकार अवलंबून असती, तर वाघ केव्हाच उपाशी मेला असता. २०१९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, दोनच प्रकारच्या पेशींनी पाहणाऱ्या प्राण्याला वाघाचा केशरी रंग झाडोऱ्यातून वेगळा काढणे जड जाते. चितळाच्या लेखी वाघ जवळजवळ हिरवाच आहे म्हणा ना! तेव्हा बंदुकीचा दस्ता तांबूस आहे की नळी काळी आहे, याची चिंता हरीण करीत नाही.

तथापि, रंग वेगळा आणि चकाकी वेगळी. शाळेत असताना आरशाचा कवडसा भिंतीवर नाचवून मास्तरांना छळले नाही, असा येथे कोण आहे? कवडशाचा गुण हा की, हातातला आरसा बोटभर हलला तर भिंतीवरचा कवडसा हातभर पळतो. चकचकीत घासलेली नळी हा एक लांबट आरसाच असतो. शिकारी ती खांद्याला लावण्यासाठी उचलतो, त्याच क्षणी तिच्यावरून उन्हाची रेघ सरकते. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळा परिसर दिसतो, आणि हालचाल टिपण्यात ते डोळे पटाईत असतात. म्हणजे उन्हात चकाकी नडू शकते. पण येथेही प्रमाण सोडू नये. वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वाहत असेल, तर नळी कितीही मंद असली तरी उपयोग नाही. पायाखाली वाळके पान चुरचुरले, हात झटकन हलला, तर झिलईकडे पाहायलाही हरीण थांबत नाही.

बदकांची गोष्ट थोडी निराळी. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंगाच्या चार प्रकारच्या पेशी असतात. आपल्याला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरणही अनेक पक्ष्यांना दिसतात. शिवाय ते वरून येतात आणि खाली उघडे पाणी असते. म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांत मंद झिलईचा आग्रह जास्त आढळतो. आणि समोर माणूसच असेल, तर विचारायलाच नको. ब्रिटिश सैन्याने १८००च्या सुमारास घेतलेल्या बेकर रायफलीची नळी चकचकीत न ठेवता तपकिरी केलेली असे. ती रायफल घेऊन हिरव्या पोषाखातले सैनिक आडोशाने लढत. तेथे कवडसा पडला तर जिवावर बेतायचे.

शिकारीकडे परत येऊ. झिलईवाचून अडत नाही याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे जिम कॉर्बेट. कुमाऊंच्या डोंगरांतील या माणसाने १९५३च्या आपल्या 'जंगल लोअर' या पुस्तकात लहानपणच्या पहिल्या बंदुकीचे वर्णन केले आहे. ती होती जुनी ठासणीची दुनळी. दारू जास्त भरल्यामुळे तिची उजवी नळी फुटलेली होती, दस्ताही मोडलेला होता, आणि नळ्या व दस्ता पितळी तारेने एकमेकांना बांधलेले होते. झिलईचे नाव नको! त्या अर्ध्या बंदुकीवर हा मुलगा जंगलात चालायला आणि ऐकायला शिकला. वानर कधी ओरडते, भेकर कधी भुंकते, आणि वाघ कोठून निघाला आहे हे त्यावरून कसे ओळखायचे, ही विद्या त्याला बंदुकीने दिली नाही.

पुढे १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला त्याने मारले. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जातात. त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराने त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर त्या पराक्रमाची नोंद कोरलेली पट्टी आहे. १९२६च्या मे महिन्यात, बदरीनाथ-केदारनाथच्या यात्रामार्गावर सव्वाशे माणसे खाणारा रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने टिपला. तो आंब्याच्या झाडावर बसला होता. खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी होती, रात्र काळीकुट्ट होती आणि रायफलीला विजेची बत्ती जोडलेली होती. घंटा वाजली, बत्तीचे बटण दाबले, बार उडाला आणि बत्ती विझली. त्या अंधारात रायफलीची नळी काळी होती की चांदीची होती, याने काय फरक पडणार होता?

येथपर्यंत मालकपक्षाचे गृहस्थ जिंकले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण त्यांनी साक्षीदार एकच बोलावला होता, हरीण. दुसऱ्या साक्षीदाराला त्यांनी विचारलेच नाही, आणि तो जंगलात हरणाच्या आधीपासून हजर असतो. तो म्हणजे हवा.

कोकणातून आलेली मंडळी येथे असतील. पावसाळ्यात विळी एक रात्र उघडी राहिली तर सकाळी तिच्यावर तांबूस बुरा दिसतो, हे त्यांना सांगायला नको. लोखंडाला पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज चढतो, आणि मीठ असेल तर तो धावत येतो. शिकाऱ्याची बंदूक दिवसभर दवात आणि पावसात असते, त्यात घामट हाताची भर. घामात मीठच असते. बाहेरून गंजाचा ठिपका पडला तर फार तर वाईट दिसेल. पण तोच गंज नळीच्या आतल्या वळणदार खाचांत शिरला तर नेम बिघडतो. काडतूस बसते त्या घरात शिरला तर उडालेले काडतूस अडकून बसते, आणि दुसरा बार वेळेवर भरता येत नाही. समोर रानडुक्कर जखमी होऊन उभे असेल, तर या एका क्षणाची किंमत काय, हे आपण समजू शकाल.

जुन्या काळी तर काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यातच मीठ असे. तो मसाला जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड नावाचा क्षार नळीत उरे, आणि क्षार हवेतले पाणी ओढून घेई. म्हणून जुने जाणते शिकारी संध्याकाळी मुक्कामावर आले की स्वतः चहा घेण्याआधी नळीतून उकळते पाणी ओतत, ती कोरडी करीत आणि मग तेलाचा हात देत. तेलाने क्षार विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतो. पाण्याने गंज येतो, आणि येथे पाण्यानेच तो टाळायचा, हा या धंद्यातला एक मजेदार विरोधाभास आहे.

याहून मोठा विरोधाभास झिलईतच आहे. बंदुकीचा जुना, उंची काळा रंग करतात कसा? घासून लख्ख केलेल्या नळीवर आम्लाचे द्रावण लावतात आणि ती मुद्दाम दमट कपाटात ठेवतात. तिच्यावर तांबडा गंज चढतो. मग ती उकळत्या पाण्यात सोडतात. तांबड्या गंजाचा काळा गंज होतो. वरचा सुटा थर बारीक तारेच्या ब्रशाने झाडतात, आणि पुन्हा द्रावण, पुन्हा गंज, पुन्हा उकळणे. असे पाच-सहा वेळा, कधी जास्त, पुष्कळदा आठवडाभर. शेवटी जो मऊ, खोल, निळसर काळा रंग येतो तो दुसरे-तिसरे काही नसून शिस्त लावलेला गंजच असतो. काट्याने काटा काढावा, तसा गंजाने गंज अडवायचा.

आमच्या कारखान्यातली पद्धत याहून झटपट होती. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचे दाट द्रावण साधारण १४० अंश सेल्सियसपर्यंत उकळवायचे आणि भाग त्यात बुडवायचा. अर्ध्या तासाच्या आतबाहेर तो काळा होतो. दोन्ही पद्धतींत पृष्ठभागावर येतो तो एकच पदार्थ, लोखंडाचा काळा ऑक्साइड. गरम टाकीतला थर असतो मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. एवढासा थर हवेला किती अडवणार? एकट्याने फारसा नाही. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे आहे.

आणि येथेच आमची पंचाईत झाली. पृष्ठभाग जितका आरशासारखा घासलेला, तितके त्यावर तेल कमी टिकते. जितका किंचित खरखरीत, तितके जास्त टिकते. इंग्लंडात कॉस्लेट नावाच्या गृहस्थांनी १९०६ साली लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पुढे १९१५ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे पार्कर कंपनी निघाली आणि तिच्या नावाने ही झिलई 'पार्करायझिंग' म्हणून प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रायफली याच राखी, मंद, दिसायला ओबडधोबड थराच्या होत्या. तो थर स्पंजासारखा तेल पितो, कवडसा पाडत नाही आणि हवेला दाद देत नाही. म्हणजे शिकारीच्या दृष्टीने पाहिले, तर सर्वांत कमी देखणी झिलई सर्वांत कामाची, आणि ज्या आरशासारख्या चकाकीसाठी आमचे बफिंगवाले दिवसभर धूळ खात होते, ती दुकानाच्या काचेआड शोभायची! आपल्याच माणसांची बाजू मांडायला जावे आणि पुस्तकाने आपल्यालाच निरुत्तर करावे, असा तो प्रसंग होता.

वाचनाने एकदा निरुत्तर केले की माणसाने कामाच्या जागी जावे. आम्ही बफिंगच्या चाकापाशी जाऊन उभे राहिलो. तेथे एका म्हाताऱ्या कामगाराने आम्हांला दोन भाग दाखवले. एकाची कड सुरीसारखी सरळ होती. दुसऱ्याची कड गोल झाली होती, स्क्रूचे भोक नरसाळ्यासारखे पसरले होते आणि कोरलेला आकडा अर्धा पुसला गेला होता. तो म्हणाला, "साहेब, चाक फिरवायला काय, कोणीही फिरवील. कोठे थांबायचे ते कळायला मला चार वर्षे लागली." झिलई मंद असो की चकचकीत, तिच्या खालचे घासणे चुकले तर भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. चकाकी ही मालकाची मागणी होती. थांबणे ही कामगाराची विद्या होती. आम्ही दोन्ही गोष्टी एकच समजत होतो, आणि तीच चूक ते गृहस्थही करीत होते.

मग टाकीपाशी गेलो. तेथे कळले की भाग टाकीत जाण्याआधी त्याच्यावरचा तेलाचा अंशही काढावा लागतो. बोटाचा ठसा राहिला तर तेथे डाग राहतो. टाकीतून निघाल्यावर तो धुवायचा, पुन्हा धुवायचा, कारण एखाद्या सांध्यात कॉस्टिक अडकून राहिले तर ते महिन्या-दोन महिन्यांनी पांढरे होऊन बाहेर येते आणि आतून लोखंड खाते. तोपर्यंत बंदूक कोठल्या तरी गावात कोणाच्या तरी खांद्यावर गेलेली असते. म्हणजे येथे घाईने धुतलेल्या एका भागाचा परिणाम शंभर कोसांवर दिसतो, आणि धुणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते.

आम्ही उभे असतानाच एक पोरगेला कामगार दुनळी बंदुकीच्या नळ्यांची जोडी टाकीकडे नेऊ लागला. टाकीवरचा कामगार ओरडला, "ती नको! ती जोडलेली आहे." दुनळीच्या दोन नळ्या पुष्कळदा कथील आणि शिसे वितळवून एकमेकींना जोडलेल्या असतात. उकळते कॉस्टिक तो सांधा खाऊन टाकते. अशा नळ्या जुन्या गंजाच्या पद्धतीनेच काळ्या कराव्या लागतात. हे त्याला कोणत्या शाळेत शिकवले नव्हते. तरी त्याने हाताच्या एका इशाऱ्यावर ती जोडी वाचवली, आणि उद्या ती बंदूक चालवणाऱ्या माणसालाही बहुधा वाचवले.

आता या विषयातला एक स्वयंशिक्षित कामगार आपल्याला भेटवतो, आणि मग पुढे जातो. इंग्लंडमधील शेफील्ड गावी १८७१ साली हॅरी ब्रेअर्ली जन्मला. बाप पोलाद वितळवणारा कामगार. बाराव्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तो कारखान्यात लागला, पुढे तेथल्याच रसायनशाळेत पडेल ते काम करू लागला. घरी व रात्रीच्या वर्गात शिकून तो धातुशास्त्रज्ञ झाला. १९१२ साली त्याच्याकडे रायफलीच्या नळ्यांचा प्रश्न आला. गोळीबाराच्या उष्णतेने आणि वायूने नळ्या आतून झिजत होत्या. त्यावर उपाय शोधताना १९१३च्या ऑगस्टमध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले, आणि त्याला आढळले की तपासणीसाठी लावलेले आम्ल त्या पोलादाला डागही पाडत नाही. इतर देशांतही त्या सुमारास असे प्रयत्न चालू होते, पण शेफील्डचे 'स्टेनलेस स्टील' जन्मले ते रायफलीच्या नळीपायी. ते प्रथम गेले सुरीच्या पात्यात, आणि आज आपल्या घरी तांब्या, ताट, पोळ्यांचा डबा म्हणून मांडून ठेवले आहे. पुढे त्या पोलादाच्या हक्कांवरून मालकांशी तंटा झाला आणि १९१५ साली ब्रेअर्लीने नोकरी सोडली. शिकारीच्या रायफलींत स्टेनलेस नळ्या सर्रास दिसू लागल्या त्या विसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी. त्या पांढऱ्या चमकतात म्हणून शिकारी त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम मंद करून घेतात, आणि खाऱ्या हवेत हयगय केली तर त्यांनाही डाग पडतातच.

लाकडाच्या दस्त्याचीही तीच कथा आहे. अक्रोडाच्या लाकडाला अळशीचे तेल चोळून सुंदर तेज आणतात. पण लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. दस्त्याच्या ज्या खोबणीत नळी बसते ती आतून कोरीच ठेवली, तर पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला एका अंगाने रेटते, आणि काल जागेवर बसणारी गोळी आज चार बोटे बाजूला जाते. शिकाऱ्याला वाटते आपला हात हलला. वस्तुतः खोबणीत तेलाचा हात फिरवायला कोणाला तरी फुरसत दिली गेली नव्हती. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हा. शिकारीला जी झिलई लागते, ती बहुधा गिऱ्हाइकाला दिसत नाही अशा जागी असते.

हे केवळ आमच्या दमट देशाचे दुखणे आहे असे समजू नका. कॅनडाच्या उत्तर टोकाला बर्फाच्या प्रदेशात 'कॅनेडियन रेंजर्स' नावाचे दल १९४७ पासून आहे. त्यात तेथलेच रहिवासी, पुष्कळसे इनुइट लोक, असतात. त्यांना सरकारने दिलेली ली-एनफील्ड रायफल, साधी, लष्करी, बिनशोभेची, त्यांनी सुमारे सत्तर वर्षे वापरली. २०१८ पासून तिची जागा नव्या रायफलीने घ्यायला सुरुवात झाली. तिकडच्या थंडीत तेल जास्त लावले तर तेच गोठून खीळ घालते, आणि बाहेरची गार बंदूक उबदार घरात आणली तर, थंड खोलीतून बाहेर आल्यावर आपल्या चष्म्यावर धुके बसते ना, तशी ती पाण्याने डवरते. पुन्हा बाहेर नेली की ते पाणी गोठते. म्हणून जाणते शिकारी बंदूक घराबाहेरच ठेवतात. देश बदलला, हवा बदलली, पण हरणाच्या डोळ्यापेक्षा हवेचीच काळजी तेथेही जास्त.

एवढी सामग्री घेऊन आम्ही पुन्हा बोलणीला बसलो. त्या गृहस्थांना म्हटले, "आपले खरे आहे. हरणाला झिलई कळत नाही. पण आपण बंदूक हरणाला विकत नाही." दुनळीच्या नळ्यांची हकीकत सांगितली, खोबणीतल्या लाकडाची सांगितली, आणि विचारले की, टाकीवरच्या माणसाला हे ठाऊक नसते तर नुकसान कोणी सोसले असते? ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वडिलांची एक बंदूक अशीच सांध्यातून सुटली होती. कारण कधी समजले नाही." त्यांच्या मनाचा मोठेपणा हा की त्यांनी ते कबूल केले. तडजोड झाली. टाकीवरच्या लोकांना अर्धकुशल श्रेणी मिळाली आणि बफिंगमधल्या चौघांना तीच मिळाली. बाकीच्यांचे राहिले. रबरी हातमोजे, एप्रन आणि डोळ्यांचे संरक्षक चष्मे यांची मागणी 'पुढील बैठकीत विचारार्थ' ठेवली गेली.

पुढील बैठक व्हायच्या आत एक घटना घडली. द्रावण उकळून आटत जाते, म्हणून त्यात वरचेवर पाणी घालावे लागते. ते अगदी सावकाश घालावे लागते, कारण १४० अंशांच्या द्रावणात पाणी एकदम पडले तर त्याची क्षणात वाफ होते आणि टाकी उसळते. त्या दिवशी पाळी अपुऱ्या माणसांची होती आणि माल संध्याकाळी जायचा होता. टाकी उसळली. ज्याने ती दुनळी वाचवली होती, त्याच आमच्या सोबत्याच्या तोंडावर कॉस्टिक उडाले. जवळच्यांनी लगेच पाण्याखाली धरले म्हणून एक डोळा वाचला. दुसऱ्याने त्याला आजही फक्त उजेड आणि अंधार कळतो. चष्मे त्यानंतर आठ दिवसांत आले. एका चष्म्याची किंमत तेव्हा एका जेवणापेक्षा जास्त नव्हती.

बंधुभगिनींनो, आम्ही इतका वेळ हरणाच्या डोळ्याविषयी बोललो. त्याला किती रंग दिसतात, किती अंशांत दिसते, हे शोधायला मोठी विद्यापीठे बसली, आणि त्यांचे काम आम्ही आदरानेच सांगितले. पण बैठकीत आम्हीही पहिला दिवस हरणाच्या डोळ्यावर घालवला आणि चष्म्याची मागणी यादीत शेवटची लिहिली. ती पहिली लिहायला हवी होती. ती चूक मालकांची जितकी, तितकीच आमची आहे, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतो. शिकारीत बंदुकीच्या झिलईने फरक पडतो काय? सावजाच्या दृष्टीने थोडासा. चकाकी टाळली की पुरे, रंगाची फिकीर नको. हवेच्या दृष्टीने पुष्कळ, आणि तोही बाहेरच्या तेजाने नव्हे, तर आतल्या, न दिसणाऱ्या कामाने. जो माणूस हे काम करतो, त्याच्या दृष्टीने मात्र झिलई हा पोटाचा आणि डोळ्यांचा प्रश्न आहे. आपल्यापैकी कोणी बंदूक विकत घ्यायला जाणार नाही. पण काळा पाना, काळा बोल्ट, काळा ड्रिल घरोघरी आहे. तो हाती आला, तर त्यावर तेलाचा हात फिरवा. आपल्या ओळखीत कोणाचे असे कारखाने असतील, तर टाकीवरच्या माणसांना चष्मे आहेत की नाहीत एवढे विचारा. उत्तर टाळले गेले, तर आम्हांला कळवा. आमचा पत्ता चिटणीसांकडे आहे.